किटलीवरचा काळा डाग

कॉम्प्युटरवर घडवलेल्या एखाद्या भांड्यावर किंवा खुर्चीवर कुठूनसा काळपट डाग उमटला, की ऑफिसातले सगळे त्याच्याकडे धाव घेत. त्यावरून त्याचं नाव पडलं डागडॉक्टर. मात्र हा डॉक्टर असा, की रोग्याने तोंड उघडायच्या आत ऑपरेशन उरकलेलं. समजावून सांगणं त्याच्या गावीही नव्हतं.

म्हणूनच थोरल्या बहिणीपुढे त्याची पंचाईत झाली. ताईने जन्मभर कपडे शिवले आणि पाठीने संप पुकारल्यावर भावाकडून हे काम शिकून घेतलं. भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी कॉम्प्युटरवर केलेली ही तिची पहिली किटली. संध्याकाळी दुकानाला पसंत पडली तर हक्काचं काम, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड. आणि नेमका दांड्याच्या सांध्यापाशी काजळ फासल्यासारखा डाग!

ताईने त्यावर स्वतःच तोडगा काढला होता. पडद्यावरच्या चित्रातच डागासमोर एक जादा दिवा लावला होता.

"बघ, गेला की नाही?"

डॉक्टरने किटली गर्रकन फिरवली. डाग हजर.

"दिवे लावून डाग जात नसतो, ताई. सरक, दोन मिनिटांत करतो."

त्याचा हात माऊसकडे गेला, तोच ताईने फटका मारला. "खबरदार! किटली माझी आहे. तू नुसतं सांग."

झालं! जित्याची खोड ती. हात शिवशिवायला लागले. शेवटी ते मांडीखाली दाबून तो बसला.

"बाहेरची बाजू निळी आणि आतली लाल दिसेल, असं कर."

ताईने बटण शोधलं. किटली निळीशार झाली. सांध्यातला एकच चौकोन लालभडक.

"अगं बाई! हा तुकडा उलटा लागलाय. बाहीचं अस्तर बाहेर!"

तिने चौकोन निवडून सुलटा केला, जादा दिवा काढून टाकला आणि किटली सावकाश फिरवली. अंग कसं एकसारखं गुळगुळीत. डॉक्टरला स्वतःच्या कुठल्याच दुरुस्तीचा इतका आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला. डॉक्टरने ताईला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. "झकास झालीय. शेवटचा हात तुम्हीच फिरवला असेल ना?"

"छे! मी बोटही लावलं नाही," डॉक्टर छाती फुगवून म्हणाला.

"मग पुढची भांडीही ताईंकडेच द्या," दुकानदार म्हणाला.

ताईने डोळे पुसले आणि पदर खोचला. "बोटही लावलं नाहीस ना? मग ऊठ, चहा टाक. आज मी दमलेय."