मुलीच्या चौथीचा निकाल
उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचे राब भाजायला घेतले की त्या धुराच्या वासाने मला मुलीच्या चौथीचा निकाल आठवतो. तिची समज कमी होती, आणि पाचवीसाठी एसटीने टोकावड्याला जावे लागे. गुरुजी ओटीवर येऊन म्हणाले, "पुढं पाठवू की चौथीतच ठेवू?" तिचे बाबा म्हणाले, "ठेवा गुरुजी. भलतीकडंच उतरली तर कुठं शोधू तिला? नाय जमायचं." दाराआड मलाही हायसे वाटले. जूनमध्ये तिच्या मैत्रिणी टोकावड्याला जाऊ लागल्या. तोवर शाळेत त्याच तिला लघवीला नेत. नव्या पोरांत तिला सांगता येईना. एकदा बसल्या जागी झाली, पोरे "मुतरी गो, मुतरी" ओरडली, आणि ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. आता तिशीतल्या लेकीची वेणी घालताना वाटते, त्या मैत्रिणी एसटीतही तिच्या शेजारीच बसल्या असत्या. तेव्हा आम्हा दोघांना हे सुचलेच नाही.