काटा अर्ध्यावर

मागच्या वर्षी उन्हाळा सुरू होताना वडिलांची जुनी मोटार येरमाळ्याच्या अलीकडे हायवेवर बंद पडली. टाकीतले पेट्रोल संपले होते. डॅशबोर्डवरचा काटा अर्ध्यावर होता.

वडील एकटेच होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. ट्रक अगदी अंगाजवळून जात असताना त्यांनी गाडी एकट्याने ढकलत कडेला आणली, असे तिथल्या रिक्षावाल्याने सांगितले. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे ती उतारावर आपोआप कडेला गेली. यातले खरे कोणते, हे मला ठरवता आले नाही.

त्याच संध्याकाळी पुण्याहून भावाचा फोन आला. गाडी विकून टाका, असे त्याचे म्हणणे होते. ही गाडी माझ्या जन्माआधीपासून घरात आहे. वडील म्हणाले, "चूक काट्याची हाय, माझी न्हाय. आधी काटा नीट करा, मग इकायचं बोला." भावाने ते मान्य केले. काटा दुरुस्त होईपर्यंत विक्रीचा विषय काढायचा नाही, असे ठरले. मी तेव्हा गावी आलेली होते, म्हणून दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले.

येरमाळ्याच्या मेकॅनिकने डिकीतला रबरी गालिचा उचलून टाकीवरची चकती खोलली आणि सेन्सर बाहेर काढला. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेली दांडी आणि दांडीच्या मुळाशी बारीक तारेची गुंडाळी, एवढेच ते असते. पेट्रोल उतरले की फ्लोट खाली येतो आणि काटाही उतरतो. आमच्या गाडीची दांडी मध्येच अडकून बसली होती.

"गाडी उभी होती काय, चाचा?" त्याने वडिलांना विचारले.

"दोन महिने. डोळ्यापायी."

"मग हेच. जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं चिकटलंय. तुमचा काटा लई ढोंगी हाय, चाचा. उपाशीपोटी ढेकर देतोय."

त्याने दांडी घासून साफ केली, सेन्सर परत बसवला. आम्ही अर्धी टाकी भरली. काटा अर्ध्यावर आला.

दुसऱ्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर वडील गाडीत जाऊन बसले. काटा पावावर होता. सकाळी तो अर्ध्यावर असल्याचे मी स्वतः पाहिले होते आणि मधल्या वेळात गाडी जागची हलली नव्हती. मेकॅनिकला फोन केला. अर्थिंगची वायर गंजली असेल, म्हणाला. त्याने येऊन ती साफ केली. वडिलांनी पेट्रोल भरून आणले. एक दिवस काटा नीट राहिला आणि पुढच्या दुपारी पुन्हा उतरला. या वेळी मेकॅनिकने सोलापूरहून दुसरा सेन्सर मागवला. त्याची दांडी थोडी लांब होती, ती त्याने वाकवून बसवली. त्याला आता स्वतःच्याच कामाची खात्री उरली नव्हती. मला तर कशाचीच नव्हती.

नवा सेन्सर बसला तेव्हा मी तुरीची एक सरळ तुराटी टाकीत घालून ओल कुठवर येते ते पाहिले आणि तिथे सुरीने खूण केली. दोन दिवसांनी मी कामासाठी धाराशिवला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा काटा पुन्हा खाली होता. तुराटी घातली. ओलही खुणेच्या बरीच खाली होती. म्हणजे काटा खोटे बोलत नव्हता. टाकीतले पेट्रोलच कमी होत होते. गाडीखाली एक थेंबही सांडलेला नव्हता आणि किलोमीटरचा आकडाही फारसा हलला नव्हता.

वडील बाहेर गेल्यावर मी आईला विचारले. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबले नाही.

"व्हय, म्याच काढलं. शेजारच्या काकूला फवारणीच्या पंपाला लागत होतं. ती पाइप घेऊन आली."

"अण्णांना न विचारता?"

"इचारल्यावर देतील का? डोळा धड न्हाय आन् रोज हायवेला जातेत. काटा खाली दिसला की वाटंतनं माघारी फिरतेत. आता काटा खरं सांगतोय न्हवं? नीट केलास ते बरंच झालं बाई."

"किती वेळा काढलंस?"

"दोन डाव."

"तीनदा कमी झालंय."

सूप थांबले. "परवा तर म्या अणदूरला होते. तुज्या मावशीकडं."

हे खरे होते. त्या दिवशी घरात फक्त वडील होते. मी शेजारी गेले. काकू म्हणाल्या, "परवा तर तुज्या अण्णांनीच हाक मारून दिलं. म्हणले, ने गं, लई झालंय. म्या मागितलं पण नव्हतं."

वडील आल्यावर मी त्यांना एवढेच म्हणाले की काटा बरोबर आहे, तुराटीने तपासला आहे.

"बराबर हाय?" ते खुर्चीत बसत म्हणाले. "मग लाव की फोन तुज्या भावाला. सांग, झाला दुरुस्त. येऊ दे गिऱ्हाईक घिऊन."

मी फोन हातात घेतला होता. तो लावला नाही. आई आतून म्हणाली, "मेकॅनिकला दाखवा एकदा. गावातल्या रस्त्यानं जावा, हायवेनं नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील गावातल्या रस्त्याने गाडी घेऊन येरमाळ्याला गेले. मी शेजारच्या सीटवर होते. मेकॅनिकला ते म्हणाले, "दांडी अजून लांबच वाटतीय. खोलून बघा. घाई करू नगा."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिले. "ताई, खोलू का?"

"खोला," मी म्हणाले.

त्याने डिकी उघडली आणि सेन्सर तिसऱ्यांदा बाहेर काढला. टाकीत पेट्रोल पाव होते. काढण्याआधी काटाही पावावर होता.