केयं, डोया, सांबार

बाबा मला बडनेरा स्टेशनवर सोडायला आले होते. दुपारची गाडी होती. माझं डी.एड. झालं होतं, अमरावतीच्या आसपास जागा निघत नव्हत्या आणि पुण्याच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं होतं. आई गावात, भातकुलीलाच राहिली. मी निघाले तेव्हा ती ओसरीवर तूर पाखडत होती आणि तिनं हातातलं सूप काही खाली ठेवलं नाही. बाबा मात्र भातकुलीपासून बडनेऱ्यापर्यंत अखंड बोलत आले. कंडक्टरशी बोलले, शेजारच्या म्हातारीशी बोलले, फलाटावरच्या चहावाल्याच्या सासुरवाडीची चौकशी केली. गाडी हलली तसे खिडकीचा गज धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "पोचली का फोन करजो. आन् पानी उकयून पेजो."

मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या हातात खडू दिला. फळ्यावर चार शब्द लिहायला सांगितले आणि मग ते मोठ्यानं वाचायला लावले. पाणी, लोणी, डोळा, केळं. लिहिताना मी एकदाही चुकले नाही. वाचताना चारही चुकले. आमच्या वऱ्हाडात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'य' होतो. आम्ही ते ठरवून करत नाही, जीभच तशी वळते. बाई स्वभावानं चांगल्या होत्या. म्हणाल्या, "लिहिता सुरेख. पण मुलं कानानं शिकतात हो." तीन महिन्यांच्या बोलीवर त्यांनी मला ठेवून घेतलं.

ते तीन महिने मी वसतिगृहाच्या गच्चीवर काढले. कपडे वाळत घालायच्या निमित्तानं जायचं आणि जीभ टाळूला लावून म्हणत राहायचं: फळ, बाळ, सकाळ, कोण, लोणी. 'मले' गिळायचं, 'मला' काढायचं. बाजारात भाजीवाल्याकडे सांबार मागितला तेव्हा त्यानं मला पुढच्या चौकातल्या हॉटेलाचा रस्ता दाखवला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शेंगदाण्याला फल्ली म्हणतात, टोमॅटोला भेद्रं. एकेक शब्द असा पोत्यात भरून मागं टाकत गेले. माझं आजोळ अकोल्याचं, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातलं. ते सांगितलं की लोक म्हणायचे, "अकोले ना, नगरकडचं?" शाळेच्या दप्तरात माझं गाव 'भातकुळी' असं लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, बाईंना 'ळ' येत नाही, तर आपणच सुधारून घ्यावं. इतकी वर्षं माझ्या तोंडून जो 'ळ' निघाला नव्हता, तो असा माझ्या गावाच्या नावात येऊन बसला. मी ते दुरुस्त करून घेतलं नाही. नोकरी कायम झाली होती आणि मला आता कुठल्याच अक्षरावरून वाद नको होता.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना हा थकवा कळेल. तो कामाचा नसतो. दिवसभर आपल्याच जिभेवर पहारा ठेवायचा, कुणी हाक मारली तरी उत्तर आधी मनात धुऊन घ्यायचं आणि मग बाहेर काढायचं. वीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत 'पानी'खाली लाल रेघ मारत आले. घरी नवराही पुण्याचा. हळूहळू स्वप्नंसुद्धा शुद्ध पडायला लागली. जे मागं राहिले ते म्हणत, मंगला पुण्याची झाली. तसं झालं असतं तर बरं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मला अजून जड जातं.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला एका वर्षी बाबा आले होते. धुवट धोतर, टोपी, नवी चप्पल. मुख्याध्यापिकाबाईंनी आपुलकीनं विचारलं, "काय बाबा, पुणं मानवलं का?"

"बेस हाय," बाबा म्हणाले. "पन तुमच्याकडचं पानी मले जमून नाई राहिलं."

भोवती पाचसहा शिक्षिका होत्या. मी हसत हसत म्हटलं, "बाबा, 'पाणी' म्हणा. 'मला' म्हणा."

सगळ्या हसल्या. बाबाही हसले. आणखी चार दिवस राहणार होते, पण दोन दिवसांतच गावी परतले. तुरीचं निमित्त सांगितलं. त्यानंतर फोनवर ते माझ्याशी वेगळंच बोलायला लागले. "मी बरा आहे. आई बरी आहे. पाऊस आहे." माझ्यासाठी ते एकेक 'आहे' जुळवून आणायचे. चावडीवर तासन्‌तास गोष्टी सांगणाऱ्या माणसाकडे शुद्ध वाक्यं अशी कितीशी असणार? ती संपली की म्हणायचे, "ठेवतो." मला वाटायचं, वय झालं, बोलणं कमी झालं. कधी तेवढंही मनात यायचं नाही, इतकी मी माझ्याच कामात असायचे.

आई गेली तेव्हाही फोनवर एवढंच म्हणाले, "आई नाही."

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. माझा धाकटा भाऊ प्रमोद त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात घेऊन गेला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचे उपचार लगेच सुरू करा, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. मी त्यांना पुण्याला घेऊन आले.

उपचार करणारी मुलगी रेवती. तरुण, मनमिळाऊ, कधी न वैतागणारी. ती चित्रांची कार्डं दाखवायची आणि बाबांनी त्याचं नाव सांगायचं. मला शाळा असायची, म्हणून माझा नवरा त्यांना घेऊन जायचा आणि बाहेर बसायचा. घरी येताना रेवतीनं दिलेली गुणांची चिठ्ठी आणायचा. वीसपैकी सहा. मग पाच. मग चार. तिसऱ्या आठवड्यात तिनं मला फोन केला. म्हणाली, "सुधारणा दिसत नाहीये, ताई. बरेचदा भलताच शब्द येतो. आणि आता तर ते तोंडच उघडत नाहीत. एकदा येऊन बसाल का?"

मी रजा काढून गेले. खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. रेवतीनं डोळ्याचं चित्र धरलं. बाबांचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, आणि बऱ्याच वेळानं आलं, "डो...या."

"छान प्रयत्न," रेवती म्हणाली. "डो-ळा. जीभ अशी वर लावा, बाबा. ळ."

बाबांनी जीभ वर न्यायचा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि फोनवर म्हणायचे तसं म्हणाले, "आहे."

रेवतीनं कागदावर फुली मारली.

मी गच्चीवर काढलेले ते तीन महिने मला त्या क्षणी आठवले. माझ्या वेळी माझं डोकं तरी शाबूत होतं.

"त्यांचं चुकलेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे डोयाच म्हणतात. तो कागद बघू."

मी कागद हातात घेतला. त्यावर तिन्ही आठवड्यांची नोंद होती. केळ्यापुढे तिनं ऐकलेलं लिहिलं होतं, 'केयं', आणि फुली. शेंगदाण्यापुढे 'फल्ली', फुली. कोथिंबिरीपुढे 'सांबार', आणि शेजारी टीप, 'भलताच पदार्थ'. टोमॅटोपुढे 'अर्थहीन आवाज' असं लिहिलं होतं. ते भेद्रं असणार. बाबांचं डोकं तीन आठवडे बरोबर उत्तरं शोधून आणत होतं आणि आम्ही त्यांना सांगत होतो की हे चूक. वह्या तपासायची मला इतकी वर्षांची सवय, पण तो कागद तपासताना मी प्रत्येक फुलीवर बोट ठेवत गेले.

रेवतीचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिचा दोष नव्हता. सांगायला हवं होतं ते मी, आणि मी माझं गाव कुणाला ऐकू येऊ नये म्हणून वीस वर्षं खपले होते.

मी खुर्ची ओढून बाबांसमोर बसले. कोथिंबिरीचं कार्ड धरलं. तोंडात आधी 'हे काय आहे' आलं, ते गिळलं. शेवटी म्हटलं, "बाबा, हे काय व्हय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. कार्डाकडे नाही, माझ्याकडे.

"हे काय व्हय, बाबा? सांगा ना मले."

"सांबार," ते म्हणाले. मग थांबून, एकेक शब्द ओढत, "तुले... दिसून... नाई राहिलं काय?"

झटक्यानंतरचं ते पहिलं पूर्ण वाक्य. रेवती खुदकन हसली. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी रेवतीनं सगळी कार्डं पुन्हा घेतली, यावेळी मी शेजारी बसून. वीसपैकी तेरा आली. सगळं ठीक झालं असं मात्र नाही. हात गेला तो गेलाच. वाक्यं मधेच तुटतात, नावं निसटतात, आणि शब्द सापडला नाही की बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. मीही एका दिवसात वऱ्हाडी झाले नाही. घरी त्यांच्याशी बोलताना माझी वाक्यं नाटकातल्यासारखी ऐकू येत आणि मला माझीच लाज वाटे. पण ते ऐकून घेत. हिवाळा लागला तसे म्हणाले, "भातकुली." दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्यांना घेऊन गेले.

रेवतीनं सांगितलं होतं, घरच्या वस्तूंचीच कार्डं करा. मी घरात आणि शेतात फिरून फोटो काढले, अमरावतीहून छापून आणले आणि प्रत्येकाखाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. पानी. केयं. डोया. पहिल्या 'पानी'ला हात थांबला. मग लिहीत गेले.

दुपारी अंगणात बाजेवर बाबांना टेकवून मी एकेक कार्ड धरू लागले. भिंतीला टेकवलेल्या वाळक्या काड्यांच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, पऱ्हाटी. कपाशीच्या काड्या. बाबांनी ते पाहिलं आणि डाव्या हाताच्या बोटानं टकटक केलं.

"नाई," म्हणाले. "तुराटी."

मी उठून भिंतीपाशी गेले. तुरीच्याच काड्या होत्या त्या. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मला तेवढं ओळखू आलं नव्हतं.

"मले वाटलं पऱ्हाटी व्हय," मी म्हटलं.

"वाटलं," बाबा म्हणाले. थोडा वेळ शब्द शोधला, सापडला. "मास्तरीन... हाय ना... तू?"

घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजूनही पुण्याचा पत्ता देते. तिथं मला सगळं नीट बोलता येतं आणि माझी कुणी चूक काढत नाही. माझी चूक दाखवून देणारं माणूस आता या एकाच अंगणात उरलं आहे, आणि तेही फार दिवस असणार नाही, हे मला दिसतं.

मी 'पऱ्हाटी' खोडलं, वर 'तुराटी' लिहिलं आणि बरोबर लिहिलंय का ते बघायला कार्ड त्यांच्या हातात दिलं.