एका डब्यासाठी भिवंडी

नाशिकहून सकाळची पहिली एस.टी. पकडली तेव्हा माझ्या मांडीवर जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक डबा होता आणि डोक्यात नुसता संताप होता. डबा अ‍ॅल्युमिनियमचा, पोळ्यांच्या डब्याएवढा. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी केव्हा टाकायची, हे सगळं हा डबा ठरवतो. गॅरेजवाले त्याला इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणतात. तो गेला, म्हणून आमची धडधाकट गाडी महिनाभर अंगणात उभी होती.

आमची म्हणजे सुलभाची, माझ्या बायकोची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या उजव्या पायात जोर नाही. ही गाडी गिअर आपोआप बदलणारी आहे. लेथवाल्या कारागिराकडून तिला आम्ही एक दांडा बसवून घेतला, पुढे ढकलला की ब्रेक आणि मागे ओढला की वेग. आर.टी.ओ.त सतरा खेटे घालून तो मंजूर करून आणला. दहा वर्षं ती या गाडीनं नऊ किलोमीटरवरच्या शाळेत जाते आणि मुलांना मराठी शिकवते. स्कूटरवर तिला नीट बसता येत नाही, रिक्षावाले कुबडी बघून थांबत नाहीत. दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस उरले होते आणि तिनं लांब रजेचा अर्ज लिहून टेबलावर ठेवला होता. "दहा वर्षांत मी कुणाला 'मला सोडता का' असं विचारलेलं नाही," ती म्हणाली, "आता विचारणार नाही."

संताप का येऊ नये, सांगा! गाडी बनवणारी परदेशी कंपनी आपल्या देशातून केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली. गॅरेजवाला म्हणतो, विकून टाका. मेहुणे म्हणतात, विकून टाका. दहा ठिकाणी फोन केले, तर दहाही जण म्हणाले, भंगारात घाला. आणि निगा किती राखली होती मी! दसऱ्याला नळाचा पाइप लावून गाडीला आतून-बाहेरून न्हाऊ घातलं, झेंडूचे हार चढवले, हळद-कुंकू वाहिलं. त्यानंतर आठच दिवसांत तिनं राम म्हटला. या असल्या कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे, म्हणून कसाऱ्याच्या घाटात मी वही काढून वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतलं. खर्डीपर्यंत दोन पानं भरली. शेवटचं वाक्य मला फारच आवडलं, 'या निष्काळजीपणाला जबाबदार कोण?' शेजारी बसलेल्या सुलभाला वाचून दाखवलं. तिनं 'हं' म्हटलं आणि ती पुन्हा ड्रायव्हरच्या हातांकडे बघत बसली.

भिवंडीत उतरलो ते थेट यंत्रमागांच्या आवाजात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या शेडमधून खटाखट चाललेली. तो आवाज कानांपेक्षा दातांना जास्त जाणवतो. कापसाचं तूस हवेत उडत होतं, चहाच्या कपावरही येऊन बसत होतं. रात्रपाळी संपवून आलेले कारागीर चहात खारी बुडवत होते. त्यांच्यातल्या एकानं उठून सुलभाला बाक रिकामा करून दिला आणि 'बैठो बाजी' (बसा ताई) म्हणून स्वतः उभ्यानं चहा संपवला. महिनाभरात आमच्याशी कुणी इतकं सरळ वागलं नव्हतं.

ज्यासाठी इथवर आलो, ते गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचं दुकान त्याच गल्लीच्या टोकाला होतं. दुकान कसलं, नुसती गुहा! छतापर्यंत रेडिएटर, दिवे, आरसे. मालक इक्बालभाई पन्नाशीचे, गळ्यात चष्म्याची दोरी. आमचा डबा त्यांनी उलटासुलटा केला आणि मागून तसाच दुसरा आणून ठेवला.

"ये लीजिए. वोही कंपनी, वोही प्लग."

मी खिशात हात घातला होता. सुलभानं मात्र दोन्ही डबे शेजारी ठेवून चिकटपट्टीवरचे आकडे बोटानं तपासले, वही तपासावी तसे. शेवटचं अक्षर वेगळं होतं.

"बाजीने पकड लिया," इक्बालभाई हसले. "ये हातवाल्या गिअरचा हाय. लग जाएगा, पण गाडी धक्के खाएगी. ऑटोमॅटिकवाला मिळत नाय."

आणि त्यांच्या डब्याच्या कडेला मला मातीचा बारीक थर दिसला. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "मुंबईच्या पुरातली गाडी होती. सुखा के रखा है."

माझा पारा चढला. "पाण्यात बुडालेला डबा विकता? लाज नाही वाटत? विजेच्या वस्तूला पाणी लागलं की ती संपली, हे शेंबड्या पोराला कळतं!"

हे वाक्य मी बरंच मोठ्यानं म्हटलं. बाहेरचे दोघेतिघे आत डोकावले. इक्बालभाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. एका चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि ती माझ्या हातात न देता सुलभाच्या हातात दिली. "वळगावात जा. बाळारामशेठकडे तुमच्यासारखी गाडी होती. वो किसीको देता नहीं, पर आप पूछिए."

वळगावला जाणारी रिक्षा कंटेनरच्या रांगेत अडकली आणि पाऊण तास धूर खात बसली. एकेकाळी इथे भातखाचरं होती, असं रिक्षावाला सांगत होता. आता नजर जाईल तिथे निळ्या पत्र्यांची गोदामं, आणि दोन गोदामांच्या फटीत एखादं उरलेलं शेत. उतरताना सुलभाच्या कुबडीचं रबरी बूड खडीत अडकून निघालं. ते शोधण्यात आणखी दहा मिनिटं गेली. खडी टाकणाऱ्यांनाही मी चार शब्द सुनावले. ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

बाळारामशेठ ओसरीवर बसले होते. साठीचे, पांढरा सदरा, गुडघ्याला पट्टा. बाप भात लावायचा आणि खाडीत जाळं टाकायचा. यांनी त्याच जमिनीवर चार गाळे (गोदामाचे कप्पे) बांधले आणि भाड्यानं दिले.

"हाय डबा," आमचा डबा बघून ते म्हणाले. "गुडघं दुखत व्हतं, म्हनून ऑटोमॅटिक घेतलेली. कोन गावच्या नाक्यावर ट्रेलरनी ठोकली. गारी (गाडी) गेली, डबा काढून ठेवला. पन इकायचा न्हाय. मुंबईवाले येतात, नेतात नि दुप्पट भावानं इकतात. गारी चालवतं कोन? तुमी?"

"ही चालवते," मी म्हटलं.

त्यांनी सुलभाच्या पायातल्या लोखंडी पट्ट्यांकडे पाहिलं. "कशी वो ताई? दावा बगू."

मला राग आला, ही काय परीक्षा घ्यायची वेळ! पण सुलभा ओसरीच्या कडेवर बसली, उजव्या हातात हवेतलं स्टिअरिंग धरलं आणि डाव्या हातानं हवेतला दांडा ढकलून, ओढून दाखवला. आमच्या फाटकातून गाडी बाहेर काढली, कोपऱ्यावरच्या गतिरोधकाला ब्रेक लावला, शाळेच्या मैदानात चिंचेखाली नेऊन उभी केली. बाळारामशेठ सगळा रस्ता बघत होते. मग आत वळून ओरडले, "अगं, दोन मानसं जेवाला हायेत!"

तांदळाची लुसलुशीत भाकरी, वालाचं बिरडं आणि आमच्यासाठी मुद्दाम परतलेला जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी). मी मासे खात नाही, सुलभानं माझाही वाटा संपवला. जेवणं झाल्यावर बाळारामशेठनी तांदळाच्या कोठीमागून कापडी पिशवी आणली. डबा निघाला. सुलभानं आकडे वाचले. शेवटचं अक्षरसुद्धा जुळलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचलं आणि डोळे पुसले.

"थांबा, आतलं कार्ड पन तेच हाय का बगू," म्हणत बाळारामशेठनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आमच्या डब्याचं झाकण उघडलं.

आतलं सर्किटचं कार्ड हिरवट-पांढऱ्या बुरशीसारख्या गंजानं भरलं होतं. झाकणाला पिवळा डाग होता हळदीचा. आणि कार्डाच्या कोपऱ्यात, तारांच्या मुळाशी, वाळून काळपट पडलेली झेंडूची एक पाकळी चिकटली होती.

बाळारामशेठनी पाकळी चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि सुलभाच्या तळहातावर ठेवली. "दसऱ्याला आतून धुतली काय गारी? पाइप लावून?"

या गाडीचा कॉम्प्युटर ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, पाय ठेवतो तिथे, गालिच्याखाली असतो. गॅरेजवाल्यानं तो माझ्यादेखत तिथून काढला होता. गालिचा ओला कसा, असंही त्यानं विचारलं होतं. मी त्याच्यावरही ओरडलो होतो.

मी 'हो' म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

परतीच्या एस.टी.त मी बाळारामशेठचा डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसलो. शहापूर गेलं, खर्डी गेली. सुलभा नुसती रागावली असती तरी चाललं असतं. इक्बालभाईंच्या दुकानातलं माझं वाक्य, शेंबड्या पोराचं, कानात वाजत होतं. तिची महिनाभराची घरबंदी, टेबलावरचा तो अर्ज, सगळं माझ्या एका नळीतून वाहिलेलं. मला मनापासून लाज वाटली. घाट चढताना तिनं वही मागितली. मी दिली. पर्समधून लाल पेन काढून ती बराच वेळ वाचत होती.

दुसऱ्या दिवशी डबा बसला, गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. सोमवारी सुलभानं अर्ज फाडला, कुबडी मागच्या सीटवर टाकली आणि दांडा ओढला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. मग आत येऊन वही उघडली. 'या निष्काळजीपणाला जबाबदार कोण?' या माझ्या लाडक्या वाक्याखाली तिनं ती पाकळी डिंकानं चिकटवली होती, आणि शेजारी लाल शाईत, पेपर तपासतानाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तर सविस्तर लिहा.'

ते उत्तर वर लिहिलं आहे.