वाढीची माया

चर्चच्या मंडळीत तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. शिवताना तोंडात टाचण्या धरायची सवय हे एक कारण. दुसरं म्हणजे, त्या टाचण्या काढल्या की तिची जीभही तशीच टोचायची. पाळकसाहेबांचा झगा उसवला तेव्हा तिने त्यांना चारचौघांत सुनावलं होतं, "साहेब, दोष शिवणीचा नाही, पोटाचा आहे."

चर्चमधली नऊ माणसं तीन आठवडे परदेशात एका अनाथालयात सेवेला निघाली, तेव्हा यादीत तिचं नाव शेवटचं होतं. बाकीच्यांनी तिथे भिंती रंगवल्या, गाणी शिकवली, फोटो काढले. हिला मागच्या खोलीत पायमशीन दिलं आणि बेचाळीस मुलांचे कपडे शिवायला सांगितलं. मावशी खूश. भाषा येत नव्हती, पण माप घ्यायला भाषा लागते कुठे?

पहिल्याच दिवशी सुईत दोरा ओवताना तिची त्रेधा उडाली. डोळे तेव्हाच दगा द्यायला लागले होते. मशीनच्या पायाशी बसलेल्या सहासात वर्षांच्या मुलीने उठून तिच्या हातातला दोरा घेतला, ओवून दिला आणि परत खाली बसली. आई गेल्यापासून पोर बोलत नाही, असं तिथल्या सांभाळणाऱ्या बाईने नऊ जणांतल्या नर्सबाईमार्फत सांगितलं. मावशीने तिचं नाव ठेवलं दोरा. तीन आठवडे दोरा मशीनपासून हलली नाही आणि मावशी तिच्याशी मराठीत अखंड बोलत राहिली. नवऱ्याच्या कागाळ्या, पाळकसाहेबांच्या नकला, काही शिल्लक ठेवलं नाही. स्वतःचं मूल नव्हतं, आणि इतकं मन लावून तिचं कोणी कधी ऐकलंही नव्हतं.

दोराचा फ्रॉक तिने सगळ्यांत शेवटी शिवला. पिवळा, दोन खिशांचा. मूल वाढलं की सोडता यावं म्हणून आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. एरवी ती दोन बोटं माया ठेवायची. या फ्रॉकला तिने चार बोटं ठेवली.

निघायच्या दिवशी गाडी फाटकात उभी, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतोय. मावशीने दोराच्या गालावरून हात फिरवला आणि आपण सगळेच म्हणतो तसं म्हणाली, "येते हं, बाळा." निघताना जाते म्हणायचं नसतं, एवढाच काय तो अर्थ. पण दुभाष्याचं काम करणाऱ्या नर्सबाईने घाईत शब्दाला शब्द लावला: ती येणार आहे म्हणते. सांभाळणाऱ्या बाईने ते मुलीला सांगितलं. मुलीने हाताच्या खुणेने काहीतरी विचारलं.

"कधी, म्हणून विचारतेय," नर्सबाई म्हणाली.

मावशी हसली. फ्रॉकची दुमड चिमटीत धरून म्हणाली, "हा आखूड झाला की. माया सोडायला."

तेही तिला सांगितलं गेलं. तेव्हा त्या न बोलणाऱ्या पोरीने तोंड उघडलं आणि स्वच्छ म्हणाली, "येते."

मावशी विमानतळापर्यंत रडत होती. घरी पोचायच्या आत तिने ठरवून टाकलं, पुढच्या वर्षी यायचंच.

पण काचबिंदूने वर्षभरात डोळ्यांची वाट लावली. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. बॅग भरलेली असताना पाळकसाहेब घरी आले. "मावशी, तुम्हाला धरून चालवायला एक माणूस लागेल. तिथे आपण सेवा करायला जातो."

"म्हणजे मी आता सेवा करून घेणाऱ्यांत जमा," मावशी म्हणाली. साहेब चपला शोधायला लागले. एरवी तिला याचा केवढा आनंद झाला असता.

मग तिने साहेबांबरोबर आलेल्या नर्सबाईचा हात धरला. "निदान तिला सांग तरी. मावशीला जमत नाही म्हणावं. माया दुसऱ्या कोणाकडून सोडून घे."

महिन्याने नर्सबाई फोटो घेऊन आली. मावशीने तो नाकाशी धरला आणि तुकड्यातुकड्याने पाहिला. आधी चेहरा. दोरा हसत होती, पुढचा दात पडलेला. मग हात, फ्रॉकची कड दोन्ही मुठींत धरून पुढे केलेले. मग उघडे गुडघे. फ्रॉक त्यांच्या चार बोटं वर.

"माया सोडली नाही?"

"सोडू देत नाही, मावशी. त्या बाईने दोनदा मागितला. आम्ही पोचलो तेव्हा गाडी थांबल्याबरोबर पोर धावत आली. एकेकाचं तोंड पाहिलं. मग गाडीत चढून सीटमागे शोधलं. फोटो त्याच्या आधीचा आहे."

"तू सांगितलंस ना?"

"नाही सांगवलं हो. तेव्हा 'येणार' म्हणून सांगितलं, ती चूक माझीच."

मावशी बोटाने फोटोतली ती दुमड चाचपत राहिली. गुळगुळीत कागद, हाताला काय लागणार! शेवटी नर्सबाईने डोळे पुसले, पर्स उचलली आणि दारापाशी सवयीने म्हणाली, "बरं, येते मी."

"जाते म्हण, बाई," मावशी म्हणाली. "जात असलीस तर जाते म्हण."