बिनकडत्याचा शिंगाळा

शिलाई मशीनखाली चिंध्या साचतात ना, तसे माझ्या मलकापुरातल्या दुकानात किस्से साचले. चिंध्या निदान झाडून तरी काढता येतात! रविवारी आम्ही तिघं पूर्णेच्या डोहावर गळ टाकून बसायचो आणि बाकीचे सहा दिवस त्याच्यावर बोलायचो. कामं पडून राहायची, गिऱ्हाईक बोंबलायचं.

मी शिंपी. नामदेवभाऊ कापूस बाजारात मापाडी. किसनभाऊ माळी नदीकाठी वांगी पिकवायचा, आणि वांग्यांपेक्षा थापा जास्त.

*

ओल्या कापसाच्या वजनातून बाजारात थोडं कापून घेतात, तो कडता. नामदेवभाऊनं तोच नियम माशांना लावला. किसनभाऊनं शिंगाळ्याची, म्हणजे त्या मोठ्या मिशीवाल्या माशाची गोष्ट काढली, की हा मान न वळवता म्हणायचा, "कडता निम्मा!"

किसनभाऊला ते फार लागायचं. एकदा मला एकट्याला म्हणाला, "मरायच्या आंधी एक तरी मासा बिनकडत्याचा मंजूर झाला पाह्यजे, बाप्पा!" खरं सांगतो, मला कीव आली.

*

पण गडी सुधरेल तर शपथ! एकदा आला धापा टाकत. "शिंगाळ्यानं माही म्हैस शेपटीले धरून डोहात ओढली!"

"कडता," नामदेवभाऊ म्हणाला.

"बरं, लहान वगार व्हती."

"कडता."

"बकरी."

"कडता!"

"काऊन बे छळून राह्यला? धोतर ओढलं माह्यं! आता त्याच्यात काय कापतं?"

धोतर खरंच फाटलं होतं. मीच शिवलं.

*

सरकारनं मापं बदलली. मण गेला, क्विंटल आला. तर किसनभाऊचा जुना एक मणाचा शिंगाळा आठ दिवसांत एक क्विंटलचा!

"अबे, मण म्हंजे सदतीस किलो," नामदेवभाऊ ओरडला. "अन् तो तं तू कवाच खाल्ला!"

"खाल्ला म्हून काय त्यानं वाढू नाई का?"

*

शेवटी मी साक्ष काढली. त्याच्या बायकोला, जनावहिनीला विचारलं, "वहिनी, मागच्या रविवारचा शिंगाळा केवढा होता?"

"व्हता ना मोठा," ती म्हणाली. किसनभाऊची छाती फुगली.

"तव्यावर कांद्याले जागा उरली, पन लय नाई."

*

आणि मग एक दिवस मोठा शिंगाळा खरंच गळाला लागला! बैलगाडीत तोंड पुढं, शेपूट बाहेर. किसनभाऊनं गाडी सरळ कापूस बाजारात घातली. अख्खा बाजार गोळा झाला. दोघांनी उचलून काट्यावर टाकला. पस्तीस किलो!

"आता बोल, भाऊ!" किसनभाऊचे डोळे भरून आले होते.

नामदेवभाऊनं माशावर बोट फिरवलं, बोट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "माल ओला हाये. कडता लागन."

मी त्याला तिथंच हाणला असता! किसनभाऊनं मात्र बाजाराच्या मधोमध ताडपत्री अंथरली. तिच्यावर मासा उन्हात पसरला आणि शेजारी मांडी घालून बसला. वाळवायला!

दुसऱ्या दिवशी बैल बाजारात पाय टाकेनात. तिसऱ्या दिवशी व्यापारी पळाले. चौथ्या दिवशी नामदेवभाऊ नाकाला उपरणं लावून फाटकातून ओरडला, "मंजूर! बिनकडत्याचा! पुरा पस्तीस किलो! उचल बे आता!"

किसनभाऊनं वाकून मासा दोन्ही अंगांनी तपासला.

"थांब ना, भाऊ," तो म्हणाला, "मिशा ओल्याच हायेत अजून!"