मयतीचा दाखला आणि राहिलेली तिसरी हाक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सोलापुरात शाळामास्तरीण म्हणून आयुष्य काढलं. अमावास्येला प्रवास केले, रस्त्यातले उतारे ओलांडले... काही झालं नाही. या सदरातले पांढऱ्या साडीचे अनुभव वाचून मला हसूच येतं. आता हसायची पाळी तुमची. हसा खुशाल. मी लिहिणार ते लिहिणारच.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या थोडी आधीची. नळदुर्गच्या अलीकडे, हैदराबादच्या सडकेपासून जरा आत आमचं गाव. नाव देत नाही, कारण तिथल्या पटवाऱ्याची नातवंडं अजून तिथंच नांदताहेत. मारुतीच्या देवळासमोर चावडी, चावडीपुढं कडुलिंबाचा पार, आणि पाराच्या चहूबाजूंनी मोकळं मैदान. कुणाला लपायला आडोसा नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

माझे वडील, नागनाथ कासार, गावोगाव हिंडून बांगड्या भरायचे. कुठल्याही दारातून हाक आली की त्यांचं ठरलेलं उत्तर — "आलो, आलो... वहाणा तरी घालू द्या की!" वहाणा पायात असल्या तरी हेच. आवाज जरा चिरका, शेवटचा शब्द लांबवलेला. बायका हसायच्या, आणि ते हसण्यासाठीच तसं म्हणायचे.

ते तापानं गेले. माझं नुकतंच लग्न झालेलं, मी सोलापूरहून दिवसांना आले होते. तेराव्याला आईनं त्यांच्या वहाणा दान देऊन टाकल्या.

मग सुरू झालं दाखल्याचं. राहतं घर वडिलांच्या नावावर. मयतीचा दाखला मिळाल्याशिवाय ते आईच्या नावावर होणार नव्हतं, आणि पटवाऱ्यानं निरोप धाडला होता की उशीर केलात तर घर बेवारस धरून सरकारजमा होईल. आईला भाऊ नाही, मुलगा नाही. घर गेलं की ती रस्त्यावर.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघी चावडीवर गेलो. सरकारी फी आईनं आधीच भरली होती. पावती तिनं समोर ठेवली.

"ही सरकारची झाली, बाई," पटवारी म्हणाला. "आमची लिहिणावळ?"

लिहिणावळ म्हणजे वरची चिरीमिरी. सगळा गाव मुकाट द्यायचा. जन्माला आलं तरी द्या, मेलं तरी द्या. पैसे आईच्या पदराच्या गाठीला होते. नव्हते म्हणून नव्हे, द्यायचे नव्हते म्हणून तिनं दिले नाहीत.

"मेलेल्या मानसावर तुमाला पैका न्हाय देनार, पटवारीसाहेब."

"मग दाखला नाही. आमच्या दप्तरात तुमचा नवरा जिवंत. मौज करा!"

बसलेली माणसं खो-खो हसली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आई मात्र जागची हलली नाही.

"जित्तं हायती नव्हं?" ती म्हणाली. "मग तुमीच पुकारा त्येस्नी. आले तर घर त्येंचं, म्या गप जाते. न्हाय आले तर लिवा, फुकट."

पटवाऱ्याला ही चेष्टा फारच आवडली. त्यानं शिपायाला फर्मावलं, "इमाम, पुकार दे!" इमामचाचा वडिलांचे दोस्त. एकच विडी दोघं ओढायचे. चाचांनी मान खाली घातली, पण हुकूम तो हुकूम. तारखेला आलेल्या पक्षकाराला पुकारतात तसे ते पायरीवर उभे राहिले. रिवाज तीन हाकांचा.

"नागनाथ वल्द बापू कासार... हाजिर हो!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाकी काही नाही.

"नागनाथ वल्द बापू कासार... हाजिर हो!"

आणि पाराच्या बाजूनं आवाज आला —

"आलो, आलो... वहाणा तरी घालू द्या की!"

पाराशी बाजाराला आलेल्या बाया बसल्या होत्या. त्यांनी झटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला, वडीलधारा माणूस जवळून गेल्यावर ओढतात तसा. त्यांच्यात पुरुष एकही नव्हता. मी धावत पायरीपर्यंत गेले, मग पाराला वळसाही घातला. मैदान रिकामं होतं, नुसतं ऊन.

पटवाऱ्यानं पाराकडे न बघता घाईघाईनं दाखला लिहिला, शिक्का उठवला आणि कागद आईकडे सरकवला. लिहिणावळीचं नावसुद्धा काढलं नाही. आम्ही जिंकलो होतो. मी आईचा दंड धरला, पण ती उठेना.

"तिसरी हाक ऱ्हायली," ती म्हणाली.

तिनं पदराची गाठ सोडली आणि सगळे पैसे पटवाऱ्यापुढं ठेवले. "घ्या तुमची लिहिणावळ. पन अजून एक डाव पुकारा."

पटवारी पैशांना शिवला नाही. इमामचाचांचे डोळे भरले होते. "नको भाभी... कागद झाला आता."

मग आई स्वतःच पायरीवर गेली. नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं सगळ्या चावडीदेखत हाक मारली — "नागनाथ!"

ओ आली नाही.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "कागद मागायलाच नको हुता, पोरी. दप्तरात हुते तवर ओ तरी देत हुते." मला तिथंच रडू फुटलं.

आता तुमची स्पष्टीकरणं. माझा डॉक्टर नातू सांगतो, दुःखात माणसाला भास होतात. होत असतील. पण पटवाऱ्याला कसलं दुःख होतं? कुणी नक्कल केली म्हणाल, तर उघड्या मैदानात तो नकलाकार गेला कुठं? इतकी वर्षं विचार करतेय, मला उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर जरूर कळवा. फक्त तो आवाज माझ्या वडिलांचा नव्हता, असं मला शिकवू नका.

घर आईचंच राहिलं. लिहिणावळीच्या त्या पैशांतून तिनं नळदुर्गच्या बाजारात वहाणांचा नवा जोड घेतला, वडिलांच्या मापाचा. ती होती तोवर तो उंबऱ्याशी ठेवलेला असायचा, घालायला सोपा पडावा असा.